पडद्यावरची बंदूक ओळखायची कशी? ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधली शस्त्रं बघताना

युद्धपट बघताना ‘ही कोणती बंदूक?’ असा प्रश्न पडला, तर त्याला एक नाही, तीन उत्तरं असतात. ही तीन उत्तरं एकमेकांत मिसळली, की वाद सुरू होतात. पहिलं उत्तर कथेतलं: पटकथेनुसार त्या सैनिकाच्या हातात काय आहे? दुसरं सेटवरचं: चित्रीकरणाच्या वेळी नटाच्या हातात खरोखर कोणती वस्तू होती? तिसरं इतिहासाचं: त्या तारखेला, त्या सैन्यात, त्या कामावरच्या माणसाकडे कोणतं शस्त्र असायला हवं होतं?

जर्मन सैनिक मशीनगन चालवतोय असं दृश्य घ्या. कथेत ती एमजी-४२ आहे. इतिहासालाही तीच हवी. पण सेटवर तिच्या जागी युगोस्लाव्हियाची एम-५३ असू शकते. ही एमजी-४२ वरूनच युद्धानंतर बनवलेली नक्कल असल्यामुळे लांबून फरक कळणं जवळजवळ अशक्य. मग ‘एमजी-४२’ म्हणणारा बरोबर की ‘एम-५३’ म्हणणारा? दोघंही बरोबर असतात, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

हे नीट समजून घ्यायला स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा १९९८चा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ उत्तम आहे. तो बहुतेकांनी पाहिलेला असतो, त्यातली शस्त्रं मोठ्या काळजीने निवडलेली आहेत, आणि इतकी काळजी घेऊनही काही ठिकाणी तीन उत्तरं एकमेकांपासून सुटतात. गोष्ट ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर सुरू होते. चित्रीकरण मात्र आयर्लंडच्या वेक्सफर्डमधल्या किनाऱ्यावर झालं, आणि शेवटच्या लढाईचं उद्ध्वस्त गाव इंग्लंडमधल्या हॅटफील्डला उभारलं होतं.

नजर कुठे टाकायची

नवखा माणूस बंदुकीच्या एकूण आकाराकडे बघतो. सरावलेला माणूस आधी तीन-चार जागा बघतो. काडतुसं कुठून आत जातात? बोल्टचा (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाचा) किंवा कॉकिंगचा (बंदूक सज्ज करायचा) दांडा कुठे आहे? नळीच्या टोकाशी, माशीच्या (नेम धरायच्या पुढच्या खुणेच्या) आसपास काय आहे? नळीवरचं आवरण कसं आहे? दस्त्याचं लाकूड बदलता येतं, पट्टा कुठलाही लावता येतो, रंग तर सहज फसवतो. पण यंत्राची ठेवण लपवता येत नाही.

या चित्रपटातल्या बहुतेक अमेरिकन सैनिकांच्या हातात एम-१ गॅरँड रायफल आहे. तिच्या खाली लोंबणारं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, दिसत नाही. चापाच्या पुढचा भाग सपाट, लाकडात लपलेला. आठ काडतुसं धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप वरून रायफलच्या पोटात दाबतात. आठवी गोळी सुटली, की ती रिकामी क्लिप आपोआप वर उडते आणि ‘टिंग’ असा धातूचा आवाज येतो. हा आवाज चित्रपटात स्पष्ट ऐकू येतो. जर्मन सैनिक म्हणे या ‘टिंग’ची वाट बघत दबा धरून बसायचे. ही दंतकथा फार लोकप्रिय आहे, पण मला ती पटत नाही. चहूबाजूंनी गोळीबार चाललेला असताना पन्नास-शंभर मीटरवरचा एवढासा आवाज ऐकायचा, तो नेमका कोणाचा हे ओळखायचं आणि त्या भरवशावर उघड्यावर यायचं, हे लढाईत जमणारं नाही. शिवाय गॅरँडवाला सैनिक एकटा नसतो. त्याच्या शेजाऱ्याच्या रायफलीत गोळ्या असतातच.

गॅरँड ओळखता आली, की लढाईचं दृश्य वेगळं दिसू लागतं. ही रायफल अमेरिकेने १९३६ मध्ये स्वीकारली. एकदा भरली की चाप ओढत राहायचं, प्रत्येक वेळी एक गोळी सुटते. समोरच्या जर्मन शिपायाकडे बहुधा कार-९८के रायफल असते. तिच्यात पाच काडतुसं बसतात आणि दर गोळीनंतर बोल्टचा दांडा हाताने उचलून मागेपुढे करावा लागतो. पडद्यावर एक सैनिक सलग नेम धरून आहे आणि दुसरा दर गोळीला खांदा हलवतोय, यातला फरक दिग्दर्शकाने मुद्दाम सांगायची गरज उरत नाही.

किनाऱ्यावर उतरण्याआधी होड्यांमध्ये अनेक रायफलींवर पारदर्शक प्लास्टिकचं वेष्टन दिसतं. आजच्या डोळ्याला ते चित्रपटवाल्यांनी पाण्यापासून सामान वाचवायला घातलेलं वाटेल. पण ते अस्सल आहे. खारं पाणी आणि वाळू आत जाऊ नये म्हणून ६ जूनच्या सैनिकांना अशी वेष्टनं खरंच दिली होती. इतिहासाचं उत्तर या एका तपशिलात जितकं नेमकं सापडतं, तितकं मोठमोठ्या स्फोटांत सापडत नाही.

कॅप्टन मिलरची टॉमीगन

टॉम हँक्स यांनी साकारलेल्या कॅप्टन मिलरकडे थॉमसन सबमशीनगन आहे, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीची टॉमीगन. पण थॉमसन म्हटलं की अनेकांना गोल डब्यासारखं मॅगझिन आणि नळीवरच्या चकत्या आठवतात. ते जुनं रूप. युद्धाच्या सुरुवातीच्या एम-१९२८ए१ मध्ये कॉकिंगचा दांडा वरच्या बाजूला असतो आणि नळीवर उष्णता घालवणाऱ्या चकत्या असतात. नंतर भरमसाट संख्येने, स्वस्तात आणि लवकर बनवायची म्हणून ती साधी करत नेली. एम-१ए१ मध्ये दांडा उजव्या बाजूला गेला, चकत्या गेल्या, गोल मॅगझिन बसायची सोय गेली. उरलं ते २० किंवा ३० गोळ्यांचं सरळ मॅगझिन. मिलरच्या हातात ही साधी आवृत्ती आहे, आणि १९४४च्या उन्हाळ्याला ती शोभते. म्हणजे नुसत्या दांड्याची जागा बघून आपण दोन आवृत्त्या वेगळ्या करू शकतो.

टॉमीगनचा वेग मिनिटाला साधारण ७०० गोळ्या. हिशेब केला तर २० गोळ्यांचं मॅगझिन दोन सेकंदही पुरत नाही. हा आकडा लक्षात ठेवून एक खरी घटना वाचा. मिलरची काल्पनिक मोहीम घडते त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. कमांडर म्हणून ते सोडले तर तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, एकाला टॉमीगनने टिपलं, आणि मग मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या या बावीस वर्षांच्या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

‘मॅगझिन बदलायला वेळ नव्हता’ हे वाक्य मानपत्रात सहज वाचून पुढे जाता येतं. पण टॉमीगनचं मॅगझिन किती झटकन रिकामं होतं हे माहीत असलं, की त्या वाक्याचं वजन कळतं. शस्त्र ओळखण्याचा छंद मला मोलाचा वाटतो तो यासाठी. बंदूक कळली की ती धरणाऱ्या माणसासमोर त्या क्षणी काय पर्याय होते, ते कळतं.

नेमबाजाची दुर्बीण: जिथे उत्तरं सुटतात

प्रायव्हेट जॅक्सन हा तुकडीतला नेमबाज. त्याची रायफल स्प्रिंगफील्ड एम-१९०३ए४. ही बोल्टची रायफल, दुर्बिणीसाठीच बनवलेली, म्हणून तिच्यावर नेहमीची माशी आणि मागची खाच नसतात. जॅक्सन डावखुरा आहे. बोल्टचा दांडा उजवीकडे असल्यामुळे त्याला प्रत्येक गोळीनंतर डावा हात रायफलच्या वरून पलीकडे न्यावा लागतो. हे बारकाईने बघा, कारण नटाने ती हालचाल इतकी सफाईने केलीय की पहिल्यांदा बघताना लक्षातही येत नाही.

आता दुर्बीण बघा. काही दृश्यांत ती आखूड आणि बारीक आहे. सैन्याच्या एम-१९०३ए४ वर तीच असायची, साधारण अडीच पट मोठं दाखवणारी. काही दृश्यांत मात्र लांबच लांब नळीची दुर्बीण दिसते. ती अनर्टल कंपनीची आठ पट दाखवणारी, आणि ती वापरायचे अमेरिकन मरीन, पॅसिफिकच्या आघाडीवर, आपल्या वेगळ्या रायफलींवर. मरीन नॉर्मंडीच्या या लढाईत नव्हते. म्हणजे कथेचं उत्तर ‘नेमबाजाची रायफल’, सेटचं उत्तर ‘स्प्रिंगफील्ड, दोन वेगवेगळ्या दुर्बिणींसह’ आणि इतिहासाचं उत्तर ‘लांब दुर्बीण इथली नव्हे’. मला ही चूक मोठी वाटत नाही. लांब दुर्बीण कॅमेऱ्यात भारदस्त दिसते, हे एवढंच कारणही पुरेसं असू शकतं. पण ओळख पटवताना तिघांची नोंद वेगळी करायला हवी.

तुकडीतल्याच रायबेनकडची जड बंदूक म्हणजे बीएआर, जॉन ब्राउनिंग यांची पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेली स्वयंचलित रायफल. खालून सरळ २० गोळ्यांचं मॅगझिन आणि एकूण वजन आठ किलोच्या वर. पुढे दोन पायांचा आधार असायला हवा, तो तिच्यावर दिसत नाही, आणि ते बरोबर आहे. वजन कमी करायला सैनिक तो काढूनच टाकायचे.

सार्जंट हॉर्वथकडची छोटी बंदूक एम-१ कार्बाइन. कुठल्याही चित्रपटात ही कार्बाइन दिसली तर नळीच्या टोकाशी संगीन अडकवायचा खुंटा आहे का ते आधी बघावं. तो अगदी युद्धाच्या शेवटी आला आणि नंतर दुरुस्तीला आलेल्या जुन्या कार्बाइनींवरही बसवला गेला. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कार्बाइनी अशा दुरुस्त केलेल्या असतात. म्हणून १९४२ किंवा १९४३च्या गोष्टीत तो खुंटा दिसला तर बंदूक खरी, पण काळ चुकलेला.

समोरची बाजू

जर्मन सैनिक म्हणजे हातात एमपी-४० असा आपला समज चित्रपटांनीच करून दिला आहे. प्रत्यक्षात ही सबमशीनगन बहुधा तुकडीच्या म्होरक्याकडे असायची. बाकीचे कार-९८के घेऊन लढायचे. युद्धपट किती अभ्यासून केला आहे हे जोखायला मी जर्मन घोळक्यातल्या एमपी-४० मोजतो. प्रत्येकाच्या हातात ती असेल तर वेशभूषेवर खर्च झाला, वाचनावर झाला नाही.

जर्मन मशीनगनी दोन, आणि त्यांतला फरक सोपा आहे. नळीवरच्या आवरणाला गोल भोकं असतील तर एमजी-३४, लांबट आयताकृती खाचा असतील तर एमजी-४२. ओमाहाच्या किनाऱ्यावर खंदकांतून आग ओकणारी ही दुसरी. तिचा वेग मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या, म्हणजे सेकंदाला वीस. इतक्या वेगात कान एकेक बार वेगळा ऐकूच शकत नाही. जाड कापड टर्रकन फाडावं तसा एकसलग आवाज येतो.

रणगाड्यांचं काय? शेवटच्या लढाईतले टायगर हे सोव्हिएत टी-३४ वर नवं कवच चढवून केलेले आहेत. चाकं बघा: टी-३४ ला बाजूला पाच मोठी चाकं, तर खऱ्या टायगरची चाकं एकमेकांवर चढलेली, दाटीने बसवलेली. चालू शकणारा खरा टायगर मिळणं किती अवघड, हे यावरून कळावं की २०१४च्या ‘फ्युरी’ चित्रपटासाठी बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयातला टायगर आणावा लागला.

पुरावा कुठे फसवतो

सेटवरच्या बंदुका येतात कुठून? युद्धानंतर शिल्लक शस्त्रांचे मोठे साठे चित्रपटांना भाड्याने शस्त्रं देणाऱ्या लंडन आणि हॉलिवूडमधल्या पेढ्यांनी विकत घेतले. त्यामुळे जवळून दिसणारी बंदूक अनेकदा खरी असते, फक्त नुसता बार उडवण्यासाठी बदललेली. या बाराच्या काडतुसात दारू असते, गोळी नसते. गॅरँडसारखी रायफल मात्र गोळीमागच्या वायूच्या दाबावर चालते. गोळीच नसेल तर दाब तयार होत नाही आणि यंत्र अडकतं. म्हणून नळीच्या तोंडात आतून बारीक भोकाचा अडथळा बसवतात. कार-९८के ला असं काही लागत नाही, तिचा बोल्ट हातानेच चालतो. मागे पळणाऱ्या, पडणाऱ्या, पाण्यात उड्या मारणाऱ्या नटांच्या हातात बहुतेक वेळा रबराची प्रत असते. धावताना नळी किंचित लवलवताना दिसली तर समजावं.

गोळी नाही म्हणजे धक्काही जवळपास नाही. खांद्याला बसणारा धक्का नटाला अभिनयाने दाखवावा लागतो. म्हणून ‘धक्का दिसत नाही, तेव्हा बंदूक खोटी’ हा तर्क चालत नाही.

नळीतून निघणारा जाळही तसाच फसवा. साधारण चित्रीकरणात सेकंदाला २४ चौकटी घेतात आणि प्रत्येक चौकट सेकंदाच्या ४८व्या भागाइतकीच उघडी असते. उरलेला अर्धा वेळ कॅमेऱ्याला काही दिसत नाही. छायालेखक यानुश कामिंस्की यांनी ओमाहाच्या दृश्यांत शटर, म्हणजे चौकट उघडणाऱ्या फिरत्या चकतीची फट, आणखी अरुंद केलं. ४५ अंशांच्या शटरला चौकट सेकंदाच्या १९२व्या भागापुरतीच उघडते. उडणारी माती त्यामुळे कणाकणाने दिसते, पण क्षणभराचा जाळ दोन चौकटींच्या मध्ये हरवतो. तेव्हा जाळ दिसला नाही म्हणून कुणी बंदुकीला खेळणं ठरवू नये.

आवाज तर सर्वांत कमी भरवशाचा. तो नंतर ध्वनिमुद्रण करून जोडलेला असतो. या चित्रपटाला ध्वनीची दोन्ही ऑस्कर मिळाली. त्या ध्वनीवरून कथेतली बंदूक कळेल, नटाच्या हातातली नाही.

खऱ्या शस्त्रांचा हा हट्ट जिवावरही बेततो. १९९३ मध्ये अभिनेते ब्रँडन ली यांचा सेटवर मृत्यू झाला. आधीच्या दृश्यासाठी वापरलेल्या नकली काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती, आणि नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमधून उडवलेल्या बाराने ती बाहेर ढकलली. २०२१ मध्ये ‘रस्ट’ चित्रपटाच्या सेटवर खरं काडतूस बंदुकीत गेलं आणि छायालेखिका हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला. जाळ आता संगणकावर सहज घालता येतो. तो थोडा खोटा दिसला तरी मला चालतो.

आपल्याकडचे युद्धपट बघताना

हीच नजर भारतीय युद्धपटांना लावली तर सुरुवात थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ रायफलीपासून करावी. १९६२ मध्ये आपल्या जवानांकडे हीच होती, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातातही. जुन्या भारतीय .३०३ चं तोंड चपटं, नळी आवरणाच्या जवळजवळ आतच संपलेली. नळी पुढे डोकावत असेल तर ती नंतरची नंबर चार. आणि मॅगझिनचा तळ तिरका न उतरता चौकोनी, सरळ असेल तर ती .३०३ नाहीच. ती इशापूर २ए१, म्हणजे १९६२च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवलेली रायफल. दुसऱ्या महायुद्धातल्या किंवा १९६२च्या गोष्टीत ती दिसली, तर तिसरं उत्तर चुकलं.

१९७१च्या गोष्टीत आपल्याकडे लांब, वर उचलायची मूठ असलेली एसएलआर रायफल हवी, समोर पाकिस्तानी जी-३ रायफल. १९९९च्या कारगिलमध्ये इन्सास रायफल, आणि ती ओळखायला तिचं अर्धपारदर्शक मॅगझिन पुरतं. आतली काडतुसं बाहेरून दिसतात. शत्रूच्या हातातली एके रायफल खरी रशियन की चिनी टाइप ५६, हे माशीवरून ठरवावं: रशियनला माशीच्या दोन्ही बाजूंना कान असतात पण वरून उघडी, चिनीला पूर्ण बंद कडं.

कॅमेरा कधी जमिनीवर पडलेल्या पुंगळ्यांवर (काडतुसांच्या रिकाम्या नळकांड्यांवर) गेला तर चित्रपट तिथेच थांबवून बघावं. पुंगळीच्या तळावर कारखान्याची खूण आणि बहुधा सालही ठोकलेलं असतं. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. तिथल्या .३०३ वर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं असतात. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या काडतुसांवर ‘ओएफव्ही’. १९७१च्या लढाईत पडलेल्या पुंगळीवर वरणगावची खूण आणि नव्वदच्या दशकातलं साल वाचता आलं, तर बंदूक कितीही बरोबर असो, काडतूस चित्रीकरणासाठी नंतर आणलेलं आहे हे पक्कं.